टोपडं घातलेला वरवंटा

खुनाच्या प्रयत्नाच्या खटल्यात अंगडं घातलेला वरवंटा मुद्देमाल म्हणून दाखल झालेला मी साऱ्या वकिलीत एकदाच पाहिला. कोर्टाच्या शिपायाला तो टेबलावर ठेवायचा होता. अंगडं बघून त्याचे हात आपोआप हलके झाले आणि त्यानं तो दगड अलगद निजवला. सरकारी वकील हसले, मी हसले, न्यायाधीशांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या दोघी बायकाही हसत होत्या. पुढं त्यांचं हे हसणंच आम्हाला भोवणार होतं.

मी तंजावरची. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, कोर्टात तमिळ आणि इंग्रजी, अशी आमची विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मला नागरी लिपी येते ती शाळेत असताना दिलेल्या हिंदीच्या परीक्षांमुळे. आमच्यातल्या बहुतेकांना ती येत नाही. त्यामुळे हा लेख छापून आला की ज्यांच्याविषयी लिहिला आहे, त्यांना तो मलाच वाचून दाखवावा लागणार आहे. म्हणून जरा जपून लिहिते आहे.

मी फौजदारी वकील. बायका फौजदारीत फारशा टिकत नाहीत असं मला पहिल्याच दिवशी एका ज्येष्ठांनी सांगितलं. ते निवृत्त झाले, मी अजून आहे. माझ्याकडे सगळ्यांत जास्त येणारं वाक्य म्हणजे, "अम्मा, मी त्याला मारलं नसतं तर त्यानं मला मारलं असतं." हे वाक्य भावाचं डोकं फोडणाराही म्हणतो आणि शेजाऱ्याचा बैल बदडणाराही. खरं बोलणारे त्यांत थोडे असतात. त्यांना ओळखणं हा माझा धंदा.

कायदा काय म्हणतो ते सोपं करून सांगते. तुमच्या जिवावर बेतलं, जबर इजा होणार असं दिसलं किंवा कोणी तुम्हाला पळवून नेत असलं, तर स्वतःला वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. जुन्या कायद्यात हे शंभरावं कलम होतं, नव्यात अडतिसावं. पहिला घाव अंगावर पडेपर्यंत थांबायची गरज नाही. भीती मात्र खरी हवी, आणि तुमच्या जागी दुसरं शहाणं माणूस असतं तर त्यालाही वाटली असती अशी हवी. पोलिसांकडे धावायला वेळ असेल तर हा हक्क नाही. गरजेपेक्षा जास्त मारण्याचाही नाही. धोका आहे तोवर हक्क आहे, धोका टळला की हक्कही संपला.

वाहनातल्या मारामारीत हे सगळं फार झटपट घडतं. दार बंद, गाडी धावते आहे, पळायला जागा नाही. एका टाऊन बसच्या कंडक्टरचा खटला मी चालवला होता. प्रवाशानं बसमध्ये त्याचा गळा धरला आणि यानं त्याला लोखंडी दांड्यानं हाणलं. तिथवर ठीक होतं. पण बस थांबली, प्रवासी उतरून पळाला, आणि आमचे कंडक्टरसाहेब दांडा घेऊन त्याच्या मागं खाली उतरले. त्या पायरीवरून उतरले आणि कायद्याच्या बाहेर गेले. खटला मी हरले, आणि खरं सांगायचं तर तो हरण्यासारखाच होता. कंडक्टरला मात्र अजून वाटतं की वकील चांगला मिळायला हवा होता.

आता वरवंट्याकडे येते.

अंबुबाई आणि यमुनाबाई या नणंद-भावजय. अंबुबाई नणंद, सरकारी खात्यातून निवृत्त, गाडी स्वतः चालवतात आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला गाडी कशी चालवावी ते काच खाली करून सांगतात. यमुनाबाई अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. झुरळ मारायलाही सुनेला हाक मारतील अशा. दोघींचं एकमेकींशी पटत नाही, आणि एकमेकींवाचून चालतही नाही.

त्या दिवशी त्या पापनाशमहून तंजावरला परत येत होत्या. नात्यातल्या एका मुलाचं बारसं होतं. बारशाला वरवंट्याला अंगडं-टोपडं चढवून बाळासारखं पाळण्याखालून देण्या-घेण्याची रीत महाराष्ट्रातही आहे असं ऐकते. मूल दगडासारखं खुटखुटीत व्हावं म्हणून. या घराण्यात त्यावर आणखी एक भर आहे. साऱ्या शाखांना मिळून वरवंटा एकच. ज्या घरी मूल जन्मेल तिथं तो जातो, आणि परत येताना मांडीवर बसून येतो. डिकीत घालायचा नाही, खाली ठेवायचा नाही, घरी येऊन दिवा दाखवल्याशिवाय अंगडं-टोपडं काढायचं नाही. त्या दिवशी मागच्या सीटवर यमुनाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर जरीचं टोपडं घातलेला तो दगड होता.

रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबली. फाटक उघडून गाडी हलली तोच पुढचं डावं दार उघडून एक दांडगा माणूस आत बसला. नेसलेल्या वेष्टीच्या, म्हणजे आखूड धोतराच्या, आडून त्यानं कोयता काढला आणि अंबुबाईंच्या मानेला लावला. "गाडी चालव," म्हणाला. मग मागं वळून टोपडं पाहिलं आणि म्हणाला, "पोराला गप्प ठेव." यमुनाबाई वरवंट्याला थोपटू लागल्या.

थोडं पुढं गेल्यावर त्यानं गाडी कालव्याच्या कच्च्या रस्त्याला वळवायला लावली. तिकडे शेतांशिवाय काही नाही. आणि तिथं, चालत्या गाडीत, यमुनाबाईंनी दोन्ही हातांनी वरवंटा उचलला आणि त्याच्या डोक्यावर घातला. एकदाच. गाडी कालव्याच्या कडेला कलंडली, कोयता उघड्या खिडकीतून पाण्यात गेला, तो माणूस बेशुद्ध झाला. दुसरा घाव घालायला यमुनाबाईंना कोणी अडवणारं नव्हतं. त्यांनी वरवंट्याचं टोपडं काढलं, त्या माणसाच्या जखमेवर दाबून धरलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते त्याच्या डोक्याला बांधून ठेवलं. सरकारी दवाखान्यात तो पोचला तेव्हा त्याच्या डोक्यावर जरीचं टोपडं होतं आणि हनुवटीखाली बंदाची नीटस गाठ होती. डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं की त्या टोपड्यानं रक्त थांबलं म्हणून तो वाचला.

वाचला आणि फिर्यादी झाला. त्यानं जबाब दिला की मी लिफ्ट मागितली, या बायकांनी हसत हसत बसवून घेतलं, आडबाजूला नेलं आणि मागून दगड घातला. कोयता कसला, काय कसला. कालव्याला भर पाणी होतं, कोयता सापडला नाही. अंबुबाईंच्या मानेवर एक ओरखडा होता, तो म्हणे गाडी कलंडली तेव्हा साखळी रुतून झाला. पोलिसांनी यमुनाबाईंना आरोपी नंबर एक केलं, अंबुबाईंना दोन. पंचनाम्यात लिहिलं, ‘लहान मुलाचा वेश चढवून लपवलेला दगड’. नुसता दगड असता तर परवडला असता. वेश चढवलेला दगड म्हणजे आधीपासून रचलेला कट.

मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा यमुनाबाईंनी शिक्षा किती होईल हे विचारलं नाही. हसऱ्या चेहऱ्यानं त्यांनी विचारलं, "वरवंटा कधीं देतील गे?"

"खटला संपल्यावर," मी म्हटलं. "का?"

"सुनेला दिवस गेलेत. वरवंट्यावाचून बारसें कसें करूं?"

"दुसरा आणा."

अंबुबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी नंतर त्या विषयात तोंड घातलं नाही. सुनेला मुलगी झाली. जन्माच्या दाखल्यावर नाव लागलं, कारण सरकार वरवंट्यासाठी थांबत नाही. पण घरात तिला त्या नावानं हाक मारायची कोणाची छाती झाली नाही. सगळे कुट्टी म्हणत, म्हणजे तमिळमध्ये नुसतं छोटी. तारखा पडत गेल्या, कुट्टी रांगायला लागली, उभी राहिली, चालायला लागली. आणि आजी तुरुंगात जाते की बारशाला बसते, हे ठरायचंच होतं.

आमच्या हातात मोठा पुरावा एकच होता. अंबुबाईंच्या मुलानं गाडीच्या काचेला कॅमेरा बसवला होता. तो समोरचा रस्ता टिपतो आणि आतला आवाज. पोलिसांनी त्यातला भाग कोर्टात वाजवला, तो माणूस गाडीत बसल्यापासूनचा. त्याचे शब्द मोजके होते. चालव, वळव, पोराला गप्प ठेव. लिफ्ट घेणाराही एवढं बोलतोच, असं पोलिसांचं म्हणणं. आणि दोघींचं मराठी बोलणं होतं, त्याचं तमिळ भाषांतर दाखल झालेलं होतं.

"यमुने, मानेला कोयता लागलाय गे. रक्त आलें वाटतें."

"पाहतें की. हालूं नकोस."

"कालव्याकडे वळव म्हणतो. तिकडे कोणीच नसतें."

"माझे मांडीवर वरवंटा आहे."

"मग वाट कसली पाहतेस?"

शब्द आमच्या बाजूचे होते. सूर मात्र उलटा होता. दोघी हसत, गोड, लाडिक आवाजात बोलत होत्या, जणू देवळातून येताना केळीचा भाव सांगत आहेत. सरकारी वकील माझे जुने स्नेही, हुशार माणूस. ते उठून न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, मानेला कोयता लागलेली बाई अशी हसते का? समोरच्याला न कळणाऱ्या भाषेत कोयता म्हटलं की तो काय खोडून काढणार? भीती कुठंय यात? आणि भीती नसेल तर हक्क कुठला?" एवढं बोलून त्यांनी पिंजऱ्याकडे हात केला. दोघी तेव्हाही हसत होत्या. न्यायाधीशांनी पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

मला मात्र ते हसणं ओळखीचं होतं. तंजावरच्या मराठी घरात वाढलेल्या कोणालाही ते ओळखता येईल. आमची भाषा शेजाऱ्याला कळत नाही, हे आमचं लहानपणापासूनचं सुख. पण सूर सगळ्यांना कळतो. म्हणून परक्या माणसासमोर जितकं वाईट बोलायचं, तितकं गोड हसून बोलायचं, हे आम्हाला ताटावर जेवायला शिकवतात तितक्याच लवकर शिकवतात. घरात पाहुणे बसलेले असताना आईनं मधाळ आवाजात काही सांगितलं की आम्ही पोरं जागच्या जागी गार व्हायचो. ते कोर्टाला कसं पटवायचं? मी स्वतः साक्षीदार होऊ शकत नव्हते, आणि आमच्यातलं कोणी उभं केलं तर तो आपल्या माणसांची बाजू घेतो म्हणणार.

मग मला माझ्या आत्याचा भाडेकरू आठवला.

तपास करणारे इन्स्पेक्टर नोकरीच्या सुरुवातीला तंजावरला होते, तेव्हा मेलवीथीत एका मराठी घराच्या माडीवर भाड्यानं राहत. ते घर माझ्या आत्याचं. माणूस सरळ, कामाचा, खोटं न बोलणारा. उलटतपासणीला त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पाहिलं आणि मी कोयता, दगड, कालवा सगळं बाजूला ठेवलं.

"आपण पूर्वी मेलवीथीत राहत होता?"

"हो."

"घरमालक कोण?"

"मराठी कुटुंब होतं. रायर लोक." आम्हाला इकडे रायर म्हणतात.

"माणसं कशी होती?"

"फार चांगली. सदा हसतमुख. म्हाताऱ्या अम्मा रोज कॉफी द्यायच्या."

"आपल्यासमोर आपसांत मराठी बोलत?"

"नेहमी. माझ्याकडे बघून, हसत हसत बोलायच्या."

"काय बोलत, ते कळायचं?"

"नाही. पण चांगलंच बोलत असणार, ते दिसायचंच."

"आपण ते घर का सोडलं?"

"त्यांनी सोडायला सांगितलं."

"कारण?"

"पाण्याची मोटर मी फार वेळ चालू ठेवतो म्हणे. आणि बूट घालून जिना चढतो. बरंच काही होतं."

"त्याआधी कधी चिडून बोलल्या? कपाळाला आठी?"

"कधीच नाही, अम्मा. आदल्या दिवसापर्यंत हसत होत्या. म्हणून तर मला धक्का बसला."

बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. इतक्या वर्षांपूर्वीच्या साऱ्या कॉफ्या त्यांना एकदम आठवल्या असाव्यात. त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यातल्या दोघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मागच्या बाकावरून खुसखुस सुरू झाली ती पट्टेवाल्यालाही आवरेना.

मी एवढंच म्हटलं की आता ते ध्वनिमुद्रण पापनाशमपासून वाजवावं.

पोलिसांनी वगळलेला तो सुरुवातीचा भाग म्हणजे नणंद-भावजयींचं कडकडीत भांडण होतं. गाडीत दोघीच होत्या, परकं कोणी नव्हतं. बारशाच्या केसरीत, म्हणजे शिऱ्यात, साखर कमी होती, असं अंबुबाईंचं म्हणणं. केसरी यमुनाबाईंनी केली होती. मुंगीसारखा आवाज असलेल्या यमुनाबाई त्या मुद्रणात अशा गरजत होत्या की टायपिस्ट मुलीनं कानांवर हात ठेवले. अंबुबाईंनी त्यांचं माहेर काढलं, यमुनाबाईंनी अंबुबाईंचं लग्न कसं उशिरा ठरलं ते काढलं. भाषांतर वाचणारा कारकून घामाघूम झाला. आणि ऐन रंगात आलेलं ते भांडण दार उघडल्याच्या आवाजासरशी तुटलं. त्या माणसाचं ‘चालव’ झालं, आणि पुढचा आवाज अंबुबाईंचा, साखरेत घोळलेला. "यमुने, मानेला कोयता लागलाय गे."

कोर्टात कोणीही हसलं नाही. त्या गोडव्यात काय होतं ते आता तमिळ माणसांनाही ऐकू येत होतं.

निकालात न्यायाधीशांनी भीती खरी मानली. चालत्या गाडीतून पळता येत नव्हतं, कोणाला बोलावता येत नव्हतं, घाव एकच होता आणि धोका टळताच त्याच हातांनी मारायला आलेल्याचा जीव वाचवला होता, असं लिहिलं. असा बचाव आरोपीला संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही, तो संभवनीय दिसला तरी पुरतो. इथं तो त्याहून पुष्कळ जास्त दिसत होता. दोघी सुटल्या. वरवंटा मूळ मालकांना परत करण्याचा हुकूम झाला. बाहेर व्हरांड्यात इन्स्पेक्टरांनी मला गाठलं.

"अम्मा, तुमच्या आत्या काय काय बोलायच्या हो माझ्याबद्दल?"

मी हसून मराठीत काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "हसू नका. हसलात की मला भीती वाटते."

अपिलाची मुदत सरल्यावर वरवंटा घरी आला. तोवर इन्स्पेक्टरांची ओरत्तनाडूला बदली झाली होती, तरी ते बारशाला आले. अंबुबाईंनी बोलावलं होतं. माझी आत्याही आली होती. तिनं त्यांना ओळखलं आणि कॉफी पुढं केली. त्यांनी ती तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवून प्यायली.

कुट्टी पाळण्यात मावत नव्हती. ती पाळण्याची दोरी धरून उभी होती, आणि नव्या टोपड्यातला तो दगडी पाहुणा कोण, असं तमिळमध्ये सगळ्यांना विचारत होती. वरवंट्याच्या बुडाला कोर्टाच्या चिठ्ठीची लाख अजून चिकटलेली होती. ती खरवडायची नाही असं घरात ठरलं होतं.

पाळण्याखालून वरवंटा द्यायची पाळी यमुनाबाईंची, पलीकडून घेणार अंबुबाई. अटकेच्या दिवशी यमुनाबाई हसत होत्या. पिंजऱ्यात साऱ्या तारखांना हसल्या, निकाल ऐकतानाही हसल्या. आता त्यांनी वरवंटा उचलला. त्या दिवसानंतर प्रथमच तो त्यांच्या हातांत आला होता. कसाबसा पाळण्याखालून पलीकडे गेला आणि अंबुबाईंनी तो छातीशी धरला. कुट्टीच्या कानात तिचं नाव सांगितलं गेलं, आणि यमुनाबाई एकदम मोठ्यानं रडायला लागल्या. गाडीतल्या त्या भांडणाच्या आवाजात, भर मांडवात, तोंडाला पदर न लावता रडल्या. वरवंट्यासकट अंबुबाई त्यांच्या गळ्यात पडल्या आणि त्याही रडू लागल्या.

इन्स्पेक्टर घाबरून उठले. "अम्मा, काय झालं? आता का रडतात? मी जाऊ का?"

"बसा," मी म्हटलं. "तुमच्यासमोर रडल्या. आता तुम्ही परके राहिला नाहीत."

ते बसले. आत्यानं त्यांच्यापुढं केसरीची बशी ठेवली आणि कपाळाला चांगली ठसठशीत आठी घालून तमिळमध्ये विचारलं, बूट जिन्याखाली काढले आहेत ना?